गुरुवारी आईचं डोकं दुखायचं नाही

आईचं डोकं सोमवारी दुखायचं नाही आणि गुरुवारी दुखायचं नाही. बाकी पाचही दिवस दुखायचं. हे माझ्या लक्षात यायला मला तीन आठवडे लागले, आणि ते आठवलं की आजही स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. कारण सोमवार-गुरुवार म्हणजे काय? मुलुंडची अर्धी गिऱ्हाईकं त्या दिवशी मासळीला हात लावत नाहीत. कोणाचा महादेव, कोणाचे दत्तगुरू. म्हणून आई ओटा लावत नाही, म्हणून आमचा टेम्पो माहुलला घराशेजारी उभा. टेम्पो उभा, डोकं शांत. टेम्पो चालू, डोकं चालू. इतकं सरळ होतं यार.

पण आई म्हणायची पित्त. आणि मीही म्हणायचे पित्तच असेल, सकाळी काही न खाता निघते ना ती. रोज घाटकोपर आलं की ती कमरेचं फडकं काढायची, त्याची घडी करायची आणि कपाळावर करकचून बांधायची. लाल चौकड्यांचं जुनं सुती फडकं. मुलुंडला पोचेपर्यंत डोळे मिटून बसायची. आणि मी बाजूला बसून स्टिअरिंगवर बोटं वाजवत बडबड करत असायचे, कारण मला गप्प बसता येत नाही. एकदा ती म्हणाली, "बाय, जरा तोंडाला ब्रेक लाव." तेव्हा मी फुगून बसले. आता कळतं की तिला तेव्हा माझा आवाज कानात खिळ्यासारखा घुसत असणार.

आम्ही माहुलचे कोळी. बाबा होडीवर, गेले की चार-पाच दिवस येत नाहीत. आई मुलुंडच्या मार्केटात बसते, माझ्या जन्माच्या आधीपासून. आधी ती गावातल्या चार बायकांबरोबर भाड्याच्या टेम्पोत मागे, पाट्यांच्या मधे गुडघे दुमडून बसून जायची. मग बाबांनी सेकंडहँड टेम्पो घेतला, छोटा, बंद बॉडीचा, डिझेलवाला. ड्रायव्हर दोनदा पळून गेला. मी कॉलेज संपवून एका ऑफिसात कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या खात होते. म्हटलं शिव्याच खायच्या तर मुलुंडच्या ट्रॅफिकमध्ये खाऊ, तिथे निदान उलट देता तरी येतात. लायसन्स काढलं आणि चावी घेतली. तेव्हापासून पुढच्या सीटवर आई आणि मी. आई पहिल्यांदा त्या सीटवर बसली तेव्हा पाय लांब करून म्हणाली, "आता मी शेठाणी." ती सीट माझ्यासाठी काय होती ते एवढ्यावरूनच समजा.

आता एक गोष्ट मधेच सांगते, कारण ती मला तेव्हा फार भारी वाटली होती. बर्फ वितळला की बॉडीत पाणी साचतं आणि माल उतरवताना रस्त्यावर सांडतं. मुलुंडला आम्ही जिथे माल उतरवतो तिथल्या बिल्डिंगवाल्यांनी तक्रार केली की आमच्या रस्त्यावर वासाचं पाणी सांडतं, म्हातारी माणसं घसरतील. बरोबर होतं त्यांचं. मी डोकं लावलं. ती गल्ली उताराची आहे, टेम्पोचं तोंड खाली असतं, म्हणजे पाणी पुढे, केबिनच्या मागच्या कोपऱ्यात जमतं. मग मी शेजारून ड्रिल आणली, त्या कोपऱ्यात पत्र्याला भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. पाणी आता गाडी चालतानाच, वाटेत, थेंबाथेंबाने खाली जाणार. मुलुंडला पोचेपर्यंत बॉडी कोरडी! मी त्याचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. आत्यांनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले. बाबांनी होडीवरून अंगठा पाठवला. बाबा अंगठा कोणालाच पाठवत नाहीत.

हे गणपतीनंतरचं. आणि आईचं डोकं दुखायला लागलं दसऱ्याच्या आसपास. मला दोन गोष्टी एकमेकांशेजारी ठेवून बघायची अक्कल नव्हती, ती नव्हतीच.

एका गुरुवारी आई घरात बसून कोणाशी तरी फोनवर खदाखदा हसत होती आणि मला एकदम ते वारांचं गणित सुटलं. मी पळत जाऊन टेम्पो चालू केला. बाहेर उभी राहून ऐकलं. इंजिन थंड असताना खालून आवाज येत होता, टिक-टिक-टिक-टिक, जसं कोणी जिभेने टाळूवर वाजवतंय. मी रोज केबिनमध्ये बसून हा आवाज ऐकत होते आणि मला वाटायचं जुनी गाडी आहे, करते आवाज. आणि वास? तुम्ही म्हणाल धुराचा वास नाही आला का? अहो, आम्ही माहुलला राहतो, रिफायनरीच्या शेजारी. आमच्या हवेला रोजच कसला ना कसला वास असतो. अंगाला मासळीचा. निघताना आईचं पहिलं वाक्य ठरलेलं, "काच वर कर, बाहेर वास मारतंय." काचा वर, गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलेलं, आणि इंजिन बरोबर आमच्या सीटखाली. बाहेरच्या वासापासून वाचायला आम्ही आत कोंडून घेत होतो, आणि खरा धूर पायाखालून येत होता. माझंही डोकं जड व्हायचं, पण मी ते लवकर उठण्यावर ढकलायचे.

त्याच दुपारी मी घाटकोपरला गेले, गॅरेजवाल्या काकांकडे. हे काका मालवणचे, बाप गिरणीत होता, हे स्वतः पत्र्याच्या शेडमध्ये तीस वर्षं छोट्या गाड्या उघडतायत. बाबांचा त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास. त्यांनी खाली सरकून बॅटरी मारली आणि मलाच खाली बोलावलं.

"हय बघ गो चेडवा. ह्यो काळो डाग दिसता मां? थयसून गॅस बाहेर येता."

मी खाली आडवी झाले. इंजिनकडून येणारा पाइप आणि सायलेन्सरकडे जाणारा पाइप एका जागी तोंडाला तोंड लावून जोडलेले. दोघांच्या तोंडाला बाहेर वळलेली कॉलर, मधे पॅकिंगची गोल रिंग, आणि वरून लोखंडाचं दोन तुकड्यांचं कडं, दोन बाजूंना दोन बोल्ट. बोल्ट आवळले की कडं दोन्ही कॉलरना एकमेकांवर दाबतं. बस, एवढंच. त्या सांध्याभोवती काजळी पसरली होती, जशी चुलीच्या मागच्या भिंतीवर असते.

काकांनी जुनी पॅकिंग खरवडून काढली, नवी बसवली, नवीन कडं लावलं, गिअरखालचं रबरही बदललं. टिक-टिक बंद. शुक्रवारी आईने फडकं कमरेला ठेवलं. मुलुंडपर्यंत मी तिच्याकडे इतक्या वेळा बघितलं की ती म्हणाली, "रस्ता बघ. माज्या तोंडावर काय सिग्नल लागलाय?"

आठ दिवस झकास गेले. नवव्या दिवशी सकाळी, टिक-टिक-टिक. आणि घाटकोपरला फडकं कपाळावर.

आता माझा स्वभाव सांगते. मला थांबता येत नाही. पुढच्या सोमवारी मी मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ बघितले, पाने आणले, पॅकिंग आणली, घराशेजारी जॅक लावला, चाकांना दगड लावले, खाली स्टँड दिला, एवढं सगळं नीट केलं. खाली थर्माकोलच्या पेटीची झाकणं अंथरून झोपले. आई दारात कांदा चिरत बसली होती.

"बाय, काकांना बोलव ना."

"काकांनी केलं तेच सुटलंय. मी करते."

"तू केलंस की सुटणार नाय?"

"आई, तू कांदा चिर."

बोल्ट गंजलेला होता, कसाबसा सुटला. नवी पॅकिंग बसवली. मग आवळायला लागले. मला वाटलं जितकं घट्ट तितकं चांगलं. आधी डावा बोल्ट, पूर्ण, दात-ओठ खाऊन. मग उजवा, पूर्ण, पाय टायरला लावून. आणि उजव्याने एक बारीक आवाज केला, कट्, आणि पाना एकदम हलका झाला. बोल्टचं डोकं पान्यात, बाकी बोल्ट आत. माझ्या कोपराला टायर लागला, तोंडातून जे निघालं ते ऐकून शेजारची खिडकी बंद झाली. आई म्हणाली, "झाला का घट्ट?"

मला तेव्हा इतका राग आला होता ना, की मी गाडीखालून दहा मिनिटं बाहेरच आले नाही.

काकांकडे परत. "काय गो, परत इलंस?" तुटलेला बोल्ट बघून त्यांनी पाना माझ्या हातातून घेतला. "ह्यो पानो असा, मुसळ नाय. एक बाजू पुरी आवळलंस तर कॉलर तिरकी बसता, दुसऱ्या बाजून तोंड उघडता. तुका घाई भारी." त्यांनी तुटलेला तुकडा काढला, कॉलरची तोंडं कानशीने घासून सपाट केली, सायलेन्सर ज्या रबरावर लटकतो ते चिरलेलं होतं म्हणून त्याचा भार सांध्यावर येत होता, तेही बदललं. पूर्ण दुपार गेली. शेवटी हात पुसत म्हणाले, "आता हलूचा नाय. माझी ग्यारंटी."

दहा दिवस. मी मोजले. अकराव्या दिवशी टिक-टिक.

त्या दिवशी मुलुंडला आई ओट्यावर बसली आणि बसल्या जागी ओकली. मासळीच्या पाटीत नाही, बाजूला, बादलीत. शेजारच्या ओट्यावरच्या बाईने तिची पाठ चोळली. मी पाणी आणलं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मना काय नाय झालं, तू पापलेट झाक." एक गिऱ्हाईक होतं समोर, ते हळूच निघून गेलं. मला वाटलं आत्ता टेम्पो घ्यावा आणि खाडीत ढकलावा. खरंच वाटलं.

काचा उघड्या ठेवून, आईला दुसऱ्या बाईबरोबर रिक्षाने पाठवून, मी एकटी घाटकोपरला गेले. शेडमध्ये काकांची तीन गिऱ्हाईकं उभी होती. मी त्या सगळ्यांसमोर म्हणाले, "काय ग्यारंटी दिलीत काका? माझी आई ओकतेय तिकडे. तुम्ही जुनाच माल लावताय का? नवीन म्हणून जुनी पॅकिंग? येत नसेल काम तर सरळ सांगा ना."

काकांनी हातातलं फडकं नीट घडी करून बाकावर ठेवलं. मग म्हणाले, "तुझ्या बापाशीक इचार माझो माल कसलो. आणि आता गाडी घेवन जा. माका तुझा काम करूचा नाय."

"नकोच करू," मी म्हणाले. काकांना, तोंडावर, अरे-तुरे. माझ्या बाबांपेक्षा मोठा माणूस. हे लिहितानाही कान गरम होतायत.

घरी आईला कळलं, कारण काकांनी बाबांना फोन केला आणि बाबांनी आईला. आई ओरडली नाही, तेच वाईट होतं. ती म्हणाली, "उद्यापासून मी जुन्या टेम्पोत जाईन, बायकांसोबत. तू माल घेऊन ये."

"मागे बसून? गुडघे दुमडून? तुझा गुडघा सुजतो."

"गुडगा सुजला तर चालता येतं. डोका असा झाला तर मना भाव पण आठवत नाय. आज सुरमई बांगड्याच्या भावात दिली मी."

मग ती पंधरा दिवस मागे बसून गेली. आणि मी एकटी, काचा पूर्ण खाली, तोंडाला रुमाल बांधून, शेजारी रिकामी सीट. दुसऱ्या एका गॅरेजात दाखवलं, तो म्हणाला वेल्डिंगच मारून टाकू, सांधाच नको. मी हो म्हणाले. त्याने कडं ठेवलं तसंच आणि कॉलरवरून वेल्डिंग मारलं. एक आठवडा. मग वेल्डिंगच्या शेजारी चीर गेली. आवाज आता टिक-टिक नाही, सरळ फट-फट. मुलुंडच्या गल्लीत मी आले की कुत्री उठून बसायची. आणि त्यातून रोज कुणी ना कुणी सल्ला द्यायचं. एक म्हणाला साबण लाव. एक म्हणाला गाडी विकून टाक. भाजीवाला म्हणाला, "ताई, आवाजावरून कळतं तुम्ही आलात, घड्याळ नको लागत." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मला दोन लिंबं फुकट दिली.

आणि मग त्या आजीबाई.

या आजीबाई मुलुंडच्या, आईच्या जुन्या गिऱ्हाईक. पापलेट घेताना आधी डोळा बघतात, मग कल्ला उघडून बघतात, मग नाकाजवळ नेतात. त्या रविवारी त्यांनी नाकाजवळ नेलं आणि थांबल्या.

"अगं, हे काय? धुरी दिल्येस की काय पापलेटला?"

आईचा चेहरा उतरला. आईला कोणी महाग म्हटलं तर ती उलट चार ऐकवते. तिच्या मासळीला वास येतो असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तिने पापलेट घेतलं, स्वतः हुंगलं. मला दिलं. डिझेल. अगदी हलका, पण डिझेलच.

"हे कुठल्या क्रेटमधलं?" मी विचारलं.

"सगळ्यात पुढच्या," आई म्हणाली. मी बाकीचे क्रेट हुंगले. मागचे एकदम स्वच्छ. फक्त पुढचा.

आता बघा. बॉडी बंद. दार मागे. धूर आत येतो तर मागून यायला पाहिजे. पुढचा क्रेट धुरकटतो म्हणजे धूर पुढून येतोय. पुढून कुठून? पुढे तर पत्रा आहे. पुढे तर काही भोक...

मी आजीबाईंसमोर "आई गं" असं ओरडले. त्यांना वाटलं मला काटा लागला.

त्या दिवशी मी कोणालाच काही बोलले नाही. आईने आजीबाईंना दुसरं पापलेट दिलं, वर चार बोंबील दिले. सोमवारी ओटा नव्हता. दुपारी मी टेम्पो मोकळ्या जागेत नेला, वीस मिनिटं चालू ठेवला, मग बंद केला, स्टँड लावला. बादलीभर बर्फाचं पाणी घेतलं, आम्ही रोज करतो तसंच. आणि आम्ही रोज काय करतो? आई बर्फावर दोन मुठी जाडं मीठ टाकते. तिची आई टाकायची. माल कडक राहतो म्हणते. ते खारं पाणी मी बॉडीच्या पुढच्या कोपऱ्यात ओतलं आणि वाकून खाली बघितलं.

चर्रर्र.

वाफ उठली. पाणी माझ्या त्या गुळगुळीत घासलेल्या, ग्रुपवर टाळ्या मिळवलेल्या भोकातून सरळ खाली, बरोबर त्या सांध्यावर. कड्यावर. बोल्टवर. पहिल्यांदाच नीट बघितलं तर बोल्टच्या वरच्या बाजूला पांढरी खरड होती, जशी होडीच्या दोऱ्यांवर धरते. काजळी खालच्या बाजूला. मीठ वरच्या. मी इतक्या वेळा गाडीखाली झोपले, काका झोपले, तो वेल्डिंगवाला झोपला, आणि आम्ही सगळ्यांनी सांध्याकडे बघितलं. सांध्याच्या वर कोणी बघितलंच नाही. कारण वर काही असायचं कारणच नव्हतं. ते भोक कंपनीने पाडलं नव्हतं ना. मी पाडलं होतं.

रोज सकाळी तापलेल्या लोखंडावर बर्फाचं खारं पाणी. काकांची पॅकिंग, काकांचं कडं, काकांची ग्यारंटी, सगळं मी स्वतः दर दहा दिवसांनी खाल्लं होतं. आणि वरून सांध्यातला धूर त्याच भोकातून पापलेटपर्यंत. पाणी खाली, धूर वर. दुतर्फा रस्ताच बांधला होता मी.

मी तिथेच बादलीवर बसले. आईला हाक मारली. ती आली, मी परत एक तांब्या ओतला, चर्र झालं, तिने बघितलं.

"मीठ कोण टाकतं?" ती म्हणाली.

"तू."

"भोक कोणी पाडलं?"

"मी."

"मग काकांना काय म्हणून बोललीस?"

मी तांब्या आत ठेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी मार्केट उरकल्यावर आम्ही दोघी घाटकोपरला गेलो. आईने सौंदाळे घेतले होते, साफ करून, डब्यात. काका शेडच्या बाहेर बसले होते. मला बघून त्यांनी पेपर वर केला. आई पुढे झाली नाही. मला कोपराने ढकललं फक्त.

"काका," मी म्हणाले, "चूक माझी होती. मी भोक पाडलं होतं वरती. तुमचं काम चांगलं होतं. मी सगळ्यांसमोर बोलले, मी नको बोलायला होतं."

पेपर खाली आला नाही. "कसला भोक?"

मी सांगितलं. मग पेपर खाली आला. ते उठले, गाडीखाली गेले, बॅटरी वर मारली, सांध्याच्या वर, आणि खालून त्यांचा आवाज आला.

"अगो, गरम लोखंडार थंड खारा पाणी! लोखंड काय तुझो सुको बांगडो असा, मीठ लावून ठेवूक?"

आई हसली. मोठ्याने, फोनवर हसते तशी. मला हसू येत नव्हतं, रडू येत होतं, आणि त्याचाच राग येत होता.

आईने डबा पुढे केला. काकांनी झाकण उघडून आधी हुंगलं. "धुराचो वास नाय मां?"

"हे मागच्या क्रेटातले," आई म्हणाली.

मग काकांनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली. मिठाने खड्डे पडलेल्या, वेल्डिंगने वाकलेल्या कॉलर कापून नवीन लावल्या. माझ्या भोकावर पत्र्याचा तुकडा बसवून बंद केलं. पाण्यासाठी मागे एका बाजूला नळी काढली आणि तिच्या तोंडाला कॅन, म्हणजे ना रस्त्यावर, ना लोखंडावर. शेवटचं कडं मात्र त्यांनी मला लावायला लावलं. स्वतः शेजारी उकिडवे बसले. थोडं डावं आवळ. थांब. थोडं उजवं. थांब. आता हातोडीने कड्याभोवती हळू ठोक, सगळीकडून. परत डावं थोडं. मला इतका कंटाळा येत होता, हात शिवशिवत होते, एकदाचं आवळून टाकावं वाटत होतं. जरा जोर लावला की काका नुसतं म्हणायचे, "मुसळ." मग गाडी चालू करून तापू दिली, मग पूर्ण थंड होईपर्यंत थांबायला लावलं, आणि मग परत थोडं आवळायला लावलं. "तापला की सगळा बसता, सैल होता. तेव्हा परत आवळूचा. पहिल्याच दिवशी सगळा होणा नाय."

सायलेन्सरचं मागचं तोंड दाबून धरून कुठे हवा सुटते का बघायचं होतं. जाड कापड पाहिजे होतं. डॅशबोर्डवर हाताला जे लागलं ते मी घेतलं, ओलं करून, घडी करून धरलं. इंजिन दबल्यासारखं झालं, सांध्यापाशी काहीही नाही, ना आवाज, ना फुर्र. काकांनी मान हलवली. कापड काळं ठिक्कर पडलं होतं. मी ते शेडच्या कोपऱ्यात टाकून दिलं.

शुक्रवारी आई पुढच्या सीटवर बसली. बसताच तिने चप्पल काढून पाय लांब केले. मी विचारलं, "काच?" ती म्हणाली, "वर कर, वास मारतंय." मी वर केली. पूर्ण रस्ताभर मी कान गाडीखाली लावून बसले होते. ट्रॅफिक इतकं होतं की मुंगी बरी, आणि मी एका रिक्षावाल्याला उगाच शिव्या घातल्या. बडबड केली नाही. घाटकोपर आलं. इथेच ती दरवेळी फडकं काढायची. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. घाटकोपर गेलं. विक्रोळी गेलं.

मुलुंडच्या अलीकडे आईचा हात कमरेला गेला. मग सीटच्या फटीत. मग डॅशबोर्डवर. तिने खालची चटई उचलून बघितली.

"माजं फडकं कुटं हाय?"

माझा पाय ब्रेकवर पडला, सिग्नलच्या जरा अलीकडे. मागचा हॉर्न वाजवायला लागला. झालं. परत. नवीन कॉलर, नवीन कडं, थोडं डावं थोडं उजवं, सगळं फुकट. आणि तिने गाडीत विसरलेलं फडकं तर मीच जाळल्यासारखं काळं करून टाकून आले होते.

"कशाला पाहिजे?" मी ओरडलेच. "दुखतंय का? कधीपासून? आधी का नाही बोललीस? मी आत्ता गाडी वळवते, काकांकडे, आत्ताच्या आत्ता!"

आईने माझ्याकडे बघितलं, जसं ती भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघते.

"ओटा पुसायला पाहिजे गो," ती म्हणाली. "आणि पुढं बघ. सिग्नल सुटलाय."